खालच्या कडेचा रंग

६ जानेवारी

गबाळ्या,

आशीर्वाद आहेतच, वेगळे लिहीत नाही, कागद वाचतो.

फोन तू उचलत नाहीस. जहाज समुद्रात असलं की लागत नाही हे मला कळतं. पण बंदराला लागल्यावरही लागत नाही, तेव्हा मी समजायचं ते समजले. शेजारीण म्हणाली, "कंपनीच्या ऑफिसात पत्र द्या, ते जहाजावर पोचवतात." म्हणून हे. फोनवर तू मला बोलू दिलं नव्हतंस. पत्राला मधेच तोडता येत नाही, एवढा तरी फायदा.

तू म्हणालास, "आई, कोर्टात खोटं बोल असं मी म्हणतच नाही. चष्मा नव्हता एवढंच सांग. ते तर खरं आहे ना?" हो, खरं आहे. मी फोन ठेवला तो रागाने नाही. मला उत्तर सुचेना म्हणून ठेवला.

तुला कुणी तिखटमीठ लावून सांगितलं असेल, तेव्हा झालं तसं लिहिते. त्या दिवशी मी धक्क्यावर आले होते ती तुझ्याचसाठी. स्वेटर आणि लोणच्याची बरणी कंपनीच्या लाँचवर द्यायची होती. लाँचला उशीर होता. तेवढ्यात किनारा पोलिसांचा अधिकारी आला, एक शिपाई बरोबर. म्हणाला, "दोन प्रतिष्ठित माणसं पाहिजेत, पंच म्हणून." झालं! एकाला अचानक ऐकू येईना, एकाला बायकोचं औषध आठवलं, एकाच्या चपलेचा अंगठा तुटला. धक्का असा रिकामा झाला की झाडू मारावा. उरला चहावाला, त्याला टपरी सोडून पळता येईना, आणि उरले मी, बरणी धरून.

अधिकाऱ्याने विचारलं, "बाई, शिकलेल्या आहात?"

म्हटलं, "मॅट्रिक."

"मग याच."

अरे, किती वर्षांनी कुणी ते विचारलं होतं! तुझ्या आजीने मला पाहायला आल्यावर फक्त भात मोकळा होतो का, एवढं विचारलं होतं. मी बरणी चहावाल्याच्या फळीवर ठेवली आणि होडीत बसले. कुणाचं जहाज, कशाचं जहाज, काही विचारलं नाही. शहाणी असते तर विचारलं असतं.

जहाज तेलाचं, भरलेलं, पाण्यात खोल बसलेलं. मागच्या बाजूला पांढऱ्या रंगात नवं नाव. अधिकाऱ्याने मला खोक्यावर उभं केलं आणि शिपायाने पत्र्याने कोपऱ्यातला थोडा रंग खरवडला. खाली वेल्डिंगने उठवलेली दुसरी अक्षरं होती. ती घासून काढायला वेळ झाला नसावा, वरूनच रंग फासलेला. चष्मा घरी राहिलेला, मला जवळचं दिसेना. अधिकारी म्हणाला, "हात लावून बघा." मी एकेक अक्षर बोटाने वाचलं. ते नाव सगळ्या गावाला पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी बुडालं म्हणून पेपरात आलेलं, ज्याचा विमा मिळाला, ज्याच्यावरचा खानसामा बुडून मेला, तेच. मी सही केली. ते जहाज तेव्हाही आणि आताही तुझ्या कंपनीच्या शेठचं, हे मला परतताना चहावाल्याने सांगितलं. तोवर त्याच्याही सहीची शाई वाळली होती.

बाकी घर ठीक. तू गेल्या सुट्टीत खिडकीचे गज रंगवलेस ते वरून अजून आरशासारखे आहेत. खालची कड मात्र कोरीच राहिली होती, तिथून गंज चढतोय. तुझी लहानपणापासूनची सवय. दिसतं तेवढं करायचं.

बरणी लाँचवर द्यायला चहावाल्याला सांगितलं होतं. लोणचं मिळालं का ते तरी कळव.

आई


२ फेब्रुवारी

गबाळ्या,

माझं पत्र परत आलं. वर लाल शाईने लिहिलेलं, "दुसऱ्या जहाजावर बदली." खाली नव्या जहाजाचं नाव. तेच पत्र यासोबत पुन्हा घालते.

पण एक सांगते. मी पाकिटं पिठाच्या खळीने चिकटवते, तुला माहीत आहे. जुनी पाकिटं उलटी करून. परत आलेलं पाकीट डिंकाने चिकटवलेलं होतं. भरपूर डिंक, कडेने ओघळलेला. म्हणजे वाटेत कुणीतरी वाचलं. पहिल्यांदा कानशिलं तापली. देवापुढे बसले, जप केला, मन थाऱ्यावर आलं. मग वाटलं, वाचेनात का. त्यात लपवण्यासारखं काय होतं? जे लपवायचं ते मी कागदावर उतरवतच नाही.

तर पत्र उघडणाऱ्या भाऊ, तुम्हालाही नमस्कार. डिंक फार वापरता. पाकीट आखडतं आणि पैसा जातो तो वेगळाच. अर्धा चमचा पीठ, पळीभर पाणी, मंद आचेवर ढवळायचं. दोन दिवस पुरते.

गबाळ्या, थंडीत डोकं झाकून झोप.

आई


१९ फेब्रुवारी

गबाळ्या,

आज आपल्या घरी शेठ येऊन गेले. साक्षात. निवडणुकीला उभे आहेत हे तुम्हाला तिकडे कळलं असेलच. जहाजावरच्यांची मतं टपालाने मागवतात म्हणे. गल्लीत आधी भोंगा आला, मग हार घातलेली गाडी, मग शेठ पायी, हात जोडून. प्रत्येक दाराशी क्षणभर. आपल्या दाराशी मात्र चपला काढून आत आले. बरोबरची माणसं बाहेर थांबली. मी खुर्चीवरचे वाळत घातलेले कपडे उचलले.

माणूस वाईट नाही बोलायला. तुझ्या बाबांच्या फोटोकडे बघून उभे राहिले, म्हणाले, "हे गेले तेव्हा मी परदेशी होतो, यायला जमलं नाही." मग म्हणाले, "वहिनी, तुमचा मुलगा म्हणजे आमच्या घरचाच. पुढच्या वर्षी त्याला वरची जागा द्यायचं मनात आहे."

म्हटलं, "तुमची कृपा."

"कोर्टाचं मी काही बोलणार नाही. ते बरोबरही नाही. तुम्ही देवाधर्माच्या, तुम्हाला खोटं बोला असं सांगणारा मी कोण? फक्त जे खरं तेच सांगा. त्या दिवशी चष्मा नव्हता म्हणे."

तुझ्या तोंडचंच वाक्य, अगदी त्याच चालीत. तेव्हा मला कळलं, ते तुझं नव्हतंच. तुझ्याकडे कुणीतरी पोचवलेलं होतं. खरं सांगू? बरं वाटलं थोडं.

चहा विचारला तर नको म्हणाले. जाताना वाकून नमस्कार केला. मी आपसूक "यशस्वी व्हा" म्हणून गेले. तोंडाची सवय! दार लावल्यावर स्वतःलाच हसले.

शेजारीण भिंतीवरून सगळं ऐकत होती. म्हणाली, "नशीब काढलंत. मी तर त्यांनाच देणार मत. घाटापर्यंतचा रस्ता कुणी केला? माझ्या दिराला गोदीत कुणी लावलं?"

म्हटलं, "आणि जहाज?"

"अहो, चोर असला तरी आपला चोर. दुसरा येईल तो काय हरिश्चंद्र असणार आहे?"

मी कपड्यांच्या घड्या घालत बसले. ज्या अधिकाऱ्याने जहाज धरलं त्याची मागच्या महिन्यात बदली झाली, तिथे समुद्रच नाही म्हणे.

भाऊ, हे पत्र तुम्ही शेठना दाखवणार असाल तर दाखवा. त्यांना वावगं वाटेल असं मी लिहिलेलं नाही. फक्त आधी जहाजावर धाडा, मग हवं त्याला दाखवा.

आई


११ मार्च

गबाळ्या,

काल कोर्टाची तारीख होती. साक्ष झालीच नाही, न्यायाधीश रजेवर. पण आदल्या दिवशी चहावाला येऊन गेला ते आधी सांगते. तुझी लोणच्याची बरणी त्याच्याकडेच राहिली होती, ती परत घेऊन आला. अर्धी रिकामी.

म्हटलं, "हे काय?"

"वहिनी, लोणचं आहे, खराब झालं असतं."

"लोणचं खराब होतं होय?"

"नाही, पण वाट बघून बघून माणूस तरी खराब होतो." मग उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, "मी सांगणार आहे, कोऱ्या कागदावर सही घेतली. मला टपरीचा परवाना आहे, तो दर वर्षी नवा करून घ्यावा लागतो. तुम्हाला काय, तुम्ही बायामाणूस, तुम्हाला आठवत नाही म्हटलं तरी कोण धरणार?"

म्हटलं, "बायामाणसाला आठवत नाही? अहो, तुमच्या लग्नात मला मानाची साडी मिळाली नव्हती तेसुद्धा आठवतंय."

हसला बिचारा. पण जाताना डोळ्याला डोळा देईना. मी त्याला बोल लावत नाही. चार तोंडं आहेत घरात.

आता कोर्टाचं. बाहेरच्या बाकावर एक बाई बसलेली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. माझ्या शेजारची जागा रिकामी बघून सरकली. म्हणाली, "तुम्ही त्या मॅट्रिक झालेल्या पंच ना?" ती खानसाम्याची बायको. प्रत्येक तारखेला येते. तिला कुणी समन्स धाडलेलं नाही, साक्षीदारांच्या यादीत तिचं नाव नाही. तरी येते.

तिने मला एकच विचारलं, "ताई, जहाज बुडालं म्हणून माझा माणूस बुडाला असं मला लिहून दिलं. आता जहाज इथं उभं आहे. मग माणूस कुठं आहे?"

ती माझ्या हाताकडे बघत राहिली, जणू उत्तर बोटांतच आहे. मी हात पदराखाली घेतले.

सरकारी वकीलबाई तरुण आहेत, बूट झिजलेले. त्यांनी सांगितलं, बुडाल्याचं सोंग करायला खऱ्याच वादळात खरीच होडी खाली सोडली होती, तीत खानसामा होता, असं ऐकिवात आहे. पण ऐकिवात असणं म्हणजे पुरावा नव्हे. शेठचं म्हणणं असं की हे जहाज त्यांनी परक्या माणसाकडून रंगवलेलंच विकत घेतलं, रंगाखाली त्यांच्याच जुन्या जहाजाचं नाव आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. रंग कुठं लागला, कुणी लावला, हे सांगणारं कुणी नाही.

घरी आल्यावर बराच वेळ दिवा लावायचा विसरले. मग अंधारातच खिडकीचे गज पुसत बसले.

आई


२८ मार्च

गबाळ्या,

आज मतदान करून आले. शेजारणीबरोबर गेले नाही, एकटीच गेले. शाळेत केंद्र होतं, तुझ्याच शाळेत. बाकं इतकी लहान होती का रे? तू शेवटच्या बाकावर बसायचास, तिथे आज शाईवाला बसला होता.

दारात शेठची माणसं पाणी वाटत होती. एक ओळखीचा म्हणाला, "काकू, लक्षात आहे ना?" म्हटलं, "तुझं नाकसुद्धा मी पुसलंय, लक्षात नसायला काय झालं!" सगळे हसले, मी आत गेले.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभी राहिले तेव्हा जीव कसा हलका झाला सांगू! वाटलं, जन्मभर मला अशी एक जागा हवी होती जिथे कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही आणि मी म्हणेन ते मोजलं जातं. तुझे बाबा दर वेळी विचारायचे, "कुणाला दिलंस?" मी म्हणायचे, "वरणात मीठ कमी आहे का?" तुलाही सांगणार नाही. भाऊ, तुम्हालाही नाही.

परतताना मात्र मनात आलं, साक्षीला असा पुठ्ठा का लावत नाहीत? मत द्यायला भित्रं माणूसही चालतं. म्हणूनच सगळ्यांना देता येतं. साक्षीला उघड्यावर उभं राहावं लागतं, नाव, गाव, नवऱ्याचं नाव सांगून. म्हणून तिथे रांग नसते.

तुझी आठवण शाळेच्या नळापाशी फार आली. तिथे तू पडला होतास, हनुवटीला टाके घातले होते. त्या वेळी धरायला मी होते. आता तू कुठल्या समुद्रात आहेस तेही मला लाल शाईतून कळतं.

दोन ओळी टाक. नुसतं "ठीक" लिहिलंस तरी चालेल.

आई


१६ एप्रिल

गबाळ्या,

शेठ निवडून आले. दणदणीत. गुलाल आपल्या उंबऱ्यापर्यंत आला, मी पाणी मारून धुतला. मला वाटलं, आता कसलं कोर्ट नि कसलं काय. पण परवा समन्स आलंच. मागच्या वेळचाच कोर्टाचा शिपाई, तीच सायकल. वकीलबाई म्हणाल्या, "निवडून आले म्हणून फाइल बंद होत नाही. हळू होते." तर काल माझी साक्ष झाली.

चहावाला माझ्या आधी. कोऱ्या कागदावर सही, काही पाहिलं नाही, काही माहीत नाही. फितूर म्हणून लिहिलं गेलं. बाहेर पडताना माझ्याजवळून गेला, तोंडातल्या तोंडात म्हणाला, "वहिनी, लोणचं फार छान होतं." काय बोलावं या माणसाला!

मी शपथ घेतली. देवाचं नाव घेऊन घेतली, मला दुसरी येत नाही. वकीलबाईंनी विचारलं ते सांगितलं. मग शेठचे वकील उठले. मोठे वकील, आवाज गोड.

"बाई, त्या दिवशी चष्मा होता?"

"नव्हता."

सगळीकडे खसखस. ते वळून बाकीच्यांकडे बघून हसले. "चष्म्याशिवाय जवळचं वाचता येतं?"

"नाही."

"मग संपलंच की."

गबाळ्या, इथे मी गप्प बसले असते तर खरं बोलून सुटले असते. तू सांगितलंस तेवढंच, शेठ म्हणाले तेवढंच. सगळं खरं, आणि जहाज पुन्हा समुद्राच्या तळाशी. पण मला त्या बाईची पाण्याची बाटली दिसत होती, मागच्या बाकावर.

मी म्हटलं, "संपलं नाही. मी हाताने वाचलं."

"हाताने?"

"अक्षरं उठावाची होती. मला अधिकाऱ्यांनी काय लिहिलंय ते सांगितलं नव्हतं, मीच त्यांना वाचून दाखवलं." आणि नाव सांगितलं, अक्षर अक्षर सोडवून. न्यायाधीश लिहीत होते ते थांबले, पुन्हा सांगा म्हणाले. पुन्हा सांगितलं.

वकिलांचा आवाज जरा कमी गोड झाला. म्हणाले, "वा! आणखी काय काय सापडलं तुमच्या हाताला?"

थट्टाच होती ती. पण विचारलं होतं, आणि मी शपथेवर होते. मी कठड्याला धरलं.

म्हटलं, "रंग वरून नीट लावलेला होता. अक्षरांच्या खालच्या कडेला लागलेला नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे खालची कड कोरी होती."

पुन्हा हशा. "बाई रंगारी आहेत का?" म्हणाले आणि बसले. न्यायाधीशांनी तेही लिहून घेतलं. त्याचा अर्थ कुणी विचारला नाही. विचारला असता तर काय केलं असतं, देव जाणे.

बाहेर आले तर खानसाम्याच्या बायकोने बाटलीतलं पाणी मला दिलं. स्वतः दिवसभर प्यायली नव्हती.

तुझ्यावर याचं काय येईल ते मला दिसतंय. खिचडी एकाची, चटका दुसऱ्याला. पण गबाळ्या, रागावलास तरी जेवत जा.

आई


९ मे

गबाळ्या,

हे पत्र तुझ्या ताटाखाली ठेवते आहे. पहिल्यांदाच असं झालं की मला तुझं जहाज ठाऊक आहे: शेजारची खोली.

कंपनीने उतरवलं, बॅग खांद्याला घेऊन आलास, आठवडा झाला. "हो", "नको", "झालं" याच्यापलीकडे बोलला नाहीस. मी भिंतीच्या अलीकडे, तू पलीकडे. समुद्रात होतास तेव्हा लांब होतास, एवढंच. आता जवळ असून लांब आहेस, ते सोसत नाही. मग म्हटलं, सवयीप्रमाणे लिहावं.

तुझी बॅग लावताना माझी पत्रं सापडली. सगळी. म्हणजे पोचत होती, आणि तू ती टाकून दिली नाहीस. पहिली दोन डिंकाने चिकटवलेली. नंतरची खळीने, पण माझ्या खळीने नाही, गुठळ्या आहेत. भाऊंनी पीठ चाळलं नाही. का कोण जाणे, मला रडूच आलं. एवढ्या मोठ्या ऑफिसात कुणीतरी माझं ऐकून पळीत पीठ ढवळत होतं.

आता ते लिहिते जे आजवर कागदावर उतरवलं नाही, कारण पाकीट दुसरं कुणी उघडत होतं.

त्या दिवशी खोक्यावर उभी राहून मी अक्षरं वाचत गेले तेव्हा बोट प्रत्येक अक्षराखालून फिरलं. वरून गुळगुळीत, खालून कोरं. पहिलं अक्षर तसं, दुसरं तसं, सगळी तशीच. गबाळ्या, मी रोज सकाळी खिडकीचे गज पुसते. डोळे मिटून ओळखेन तुझा हात. जहाजाचं नाव मला शेवटच्या अक्षराला कळलं, ब्रश कुणाचा ते आधीच कळलं. तरी सही केली. 

तुला कुणी शिडीवर चढवलं, कुठल्या खाडीत, काय सांगून, ते मी विचारत नाही. नोकरी नवी होती, वरच्याने डबा हातात दिला असेल, तू रंगवलंस. खानसामा तोवर गेलेला होता, त्यात तुझा हात नाही हे मी जाणते. पण ते जहाज बुडालं नव्हतं, हे डोळ्यांनी पाहिलेला तू आहेस. मी नुसती बोटांची साक्षीदार. रंगवायला कुणी सांगितलं हे तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. सांगितलं नाहीस तर "परक्याकडून रंगवलेलं घेतलं" हेच खरं ठरेल.

मी तुझं नाव सांगणार नाही. शपथेवर मला कुणी तसं विचारलं नाही, आणि देवाला मी म्हटलंय, तो प्रश्न कुणाच्या तोंडी घालू नकोस. आईने सांगितलं तर ते पोराला धरून देणं होईल. ते मला जमणार नाही, मी एवढी मोठी नाही.

काल वकीलबाईंकडे गेले होते. म्हटलं, "शेजारणीच्या मुलाचं विचारायचं होतं. समजा त्याने सांगितल्यावरून काही रंगवलं, आणि आता स्वतःहून येऊन बोलला, तर त्याला काय करतात?" त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "माफीचा साक्षीदार होता येतं. कोर्टाला पटलं तर. खात्री देत नाही. पण शेजारणीच्या मुलाला उशीर करू नका म्हणावं."

निळ्या सदऱ्याला इस्त्री केली आहे, खुर्चीवर ठेवलाय. खानसाम्याच्या बायकोचं घर कोर्टाच्या मागच्या गल्लीत, शिवणयंत्राचा आवाज येतो ते. जायचं नसेल तर सदरा घडी करून कपाटात ठेव, मी समजेन, आणि पुन्हा विषय काढणार नाही. जेवण तसंच वाढेन.

पाकीट चिकटवलेलं नाही. घरातल्या घरात कशाला?

आई


२ जून

पत्र उघडणाऱ्या भाऊंस, नमस्कार.

वरचं नाव बघून दचकू नका. यावेळी पाकिटावर मुलाचं नाव नाही, तुमचंच आहे. म्हणजे नाव मला ठाऊक नाही म्हणून "टपाल बघणारे" असं लिहिलंय.

लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही, पेपरात आलंच आहे. मी ताटाखाली चिठ्ठी ठेवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा सकाळीच उठला. निळा सदरा घातला, गुंडी वरखाली लावली होती, मी नीट करायला हात पुढे केला तर त्याने करू दिली. लहानपणानंतर पहिल्यांदाच. दारात म्हणाला, "आई, तू येऊ नकोस." मग दोन पावलं गेला, परत आला, म्हणाला, "खिडकीचं खालून मी करीन, आल्यावर. तू चढू नकोस." आणि गेला.

आधी तो कोर्टामागच्या गल्लीत, खानसाम्याच्या बायकोकडे गेला. ते मला त्या बाईने नंतर सांगितलं. काय बोलला ते ती सांगत नाही. यंत्र बंद करून सगळं ऐकलं, एवढंच म्हणते. तिथून वकीलबाईंकडे.

त्याला आता कुठेतरी ठेवलंय, साक्ष होईपर्यंत. कुठे ते मला सांगत नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नसलेलंच बरं, कुणी विचारलं तर खोटं बोलावं लागणार नाही." त्यांनी मला बरोबर ओळखलंय. पत्रही धाडता येत नाही. शेजारणीने बोलणं टाकलंय, तिच्या दिराची नोकरी गोदीत. चहावाला रस्ता बदलून जातो, पण परवा उंबऱ्यावर साखरेची पुडी ठेवलेली सापडली. शेठच्या माणसांनी अजून काही केलेलं नाही. गाडी मात्र दोनदा गल्लीतून हळू गेली. मी दार बंद केलं नाही. देवापुढे दिवा लावते आणि दारातच बसते, दिसेल अशी.

दुपारी हात मोकळा झाला की पत्र लिहायची वेळ होते आणि लिहायला कुणी नाही. मग तुमची आठवण झाली. माझं सगळं वाचलेला माणूस एकच. माझ्या मुलानेसुद्धा ती पत्रं तुमच्यानंतरच वाचली. तुम्ही कोण, म्हातारे की तरुण, शेठचे किती आणि स्वतःचे किती, मला ठाऊक नाही. तुम्हाला दोष देत नाही. तुम्हालाही घर असेल. पण माझी सगळी पत्रं तुम्ही पुढे धाडलीत. एकही अडवलं नाहीत. कदाचित मुलगा त्यामुळेच गेला.

खळ करताना पीठ चाळून घ्या आणि एका दिशेनेच ढवळा, गुठळ्या होत नाहीत.

उत्तर नको, तुम्हाला त्रास व्हायचा. फक्त हे वाचा. हे पाकीट तुमचंच आहे, पुन्हा चिकटवायची गरज नाही.

गबाळ्याची आई